मावशींच्या कबरेचा फोटो

फोन आला तेव्हा मी कुकर लावून ओट्याशी उभी होते. परदेशातला लांबलचक नंबर बघून आधी घेतलाच नाही. असले फोन फसवणुकीचे असतात, उचलू नकोस, असं मुलाने बजावून ठेवलं होतं. पुन्हा वाजला तेव्हा घेतला. पलीकडून एक बाई म्हणाली, "काय गो, वळखलंस का नाय?"

आवाज ओळखला नाही, पण ते 'गो' ओळखीचं होतं. रोह्याला आमच्या इमारतीत मला सगळे मॅडम म्हणतात, कारण मी तिथल्याच शाळेत शिकवत होते. मला 'गो' म्हणणारं कोणी उरलं नव्हतं. मी आठवत होते तेवढ्यात तीच म्हणाली, "अगो, मी पेणची. तुमच्या बाजूची. शनिवारवाली."

मग मात्र मी गॅस बंद केला आणि खाली जमिनीवरच बसले.

पेणला आमच्या आणि त्यांच्या घरात एक सामायिक भिंत होती. ते इस्राएली, म्हणजे आपल्या कोकणातलेच ज्यू. घरात आमच्यासारखंच मराठी बोलायचे, मासळी आमच्यासारखीच खायचे, फक्त शनिवारी त्यांच्याकडे चूल पेटायची नाही. संध्याकाळी आकाशात तारे दिसेपर्यंत थांबायचं असे, म्हणून आम्ही दोघी ओट्यावर बसून तारे शोधायचो, आणि दिसले की ती आत ओरडायची. तिचे वडील कचेरीत कारकून होते. आई घरी ब्लाउज शिवायची. मी तिच्या आईला मावशी म्हणायचे. माझे शाळेचे सगळे फ्रॉक मावशींनी शिवलेले. वडील गेल्यावर तिचं लग्न ठरलं ते तिकडे इस्राएलमध्येच, आणि ती गेली. मावशी मात्र गेल्या नाहीत. पेण सोडून मला कुठं करमणार, म्हणाल्या, आणि दिराच्या आधाराने तिथेच राहिल्या. पुढे माझंही लग्न होऊन मी रोह्याला आले. पत्रं काही वर्षं आली, मग दोघींनाही मुलं झाली आणि ती बंद पडली.

शाळेतल्या जुन्या मुलींचा ग्रुप कोणीतरी बनवला होता, त्यातून तिला माझा नंबर मिळाला होता. तासभर आम्ही बोललो. तिचं मराठी जसंच्या तसं राहिलं होतं, किंबहुना माझ्यापेक्षा जास्त पेणचं. फोन ठेवायच्या आधी ती म्हणाली, "एक काम करशील? आईची कबर बघून येशील? मी कधी बघितलीच नाय. ती गेली तेव्हा माझी धाकटी पोटात होती, मला येता नाय आलं. काकाने दगड बसवला, फोटो पाठवतो म्हणाला, तो पण गेला. तुझ्याकडं फोन हाय ना फोटोवाला?"

फोन होता. मुलाने बंगळूरहून पाठवलेला, चांगला महागाचा. मी त्यावर सकाळचे मेसेज वाचायची आणि रविवारी मुलाशी बोलायची, बस.

माझे यजमान धाटावच्या कंपनीत होते. निवृत्त झाल्यावर वर्ष-दीड वर्षातच गेले. तेव्हापासून दोन खोल्यांच्या त्या घरात मी एकटी. सकाळी दूधवाल्याशी बोललेलं वाक्य कधी कधी दिवसातलं शेवटचं वाक्य ठरायचं. त्यामुळे पेणला जायचं काम मिळालं याचा मला आनंदच झाला. कुठेतरी कोणीतरी माझी वाट बघतंय असं वाटलं.

दिवाळी होऊन गेली होती. मी एसटीने निघाले. नागोठण्यापासून पुढे रस्त्याची नेहमीची रड, वडखळला गाडी अडकून पडली, आणि पेणला पोचेपर्यंत ऊन डोक्यावर आलं. आमची आळी आधी बघावी असं वाटलं होतं, पण पाय तिकडे वळेनात. आई-वडील गेल्यावर भावाने घर विकलं, तिथे आता चार मजले उभे आहेत, एवढं ऐकून होते. सरळ रिक्षा करून दफनभूमीवर गेले.

फाटकाला कुलूप होतं. बाजूच्या घरातली एक म्हातारी बाई चावी घेऊन आली. दफनभूमीची राखण त्यांच्याच घराकडे, आधी नवरा बघायचा, तो गेल्यावर ती. तिने विचारलं, "कोनाची कबर बगाची?" मी आडनाव सांगितलं. ती म्हणाली, "त्या आडनावाच्या लय हाईत, ताई. आत जा नि बगा. गवतात पाय जपून टाका."

गवत कमरेएवढं होतं, वाळायला लागलेलं. काकाने तिला पत्रात कळवलं होतं, फाटकातून आत गेल्यावर डाव्या अंगाला, झाडाखाली. डावीकडे एक चाफा होता. त्याच्याजवळ पांढऱ्या संगमरवराचा दगड होता, वरच्या अंगाला हिब्रू अक्षरं आणि खाली मराठी. अक्षरांतला काळा रंग निघून गेला होता. उन्हात तो दगड इतका चमकत होता की डोळे दिपत होते. शेवटच्या ओळीत मोठ्या अक्षरात आडनाव होतं, तेवढं वाचता आलं. तेच ते आडनाव. मी चप्पल काढली आणि हात जोडले. मग फोन काढून भराभर फोटो घेतले आणि तिथूनच तिला पाठवून दिले. फार मोठं काम केल्यासारखं वाटत होतं.

परतीच्या गाडीत तिचा फोन आला. "गो, अक्षरं दिसत नायत. नुसता पांढरा दगड हाय. बाजूचं गवत कसं साफ दिसतंय, आणि दगड म्हणजे दिवा लावल्यासारखा."

मी चष्मा लावून बघितलं. खरंच. गवताची पात न् पात मोजता येत होती आणि मधोमध कागदाच्या कपट्यासारखा पांढरा चौकोन. तिच्या आईचं नावच त्यात नव्हतं.

रविवारी मुलाचा फोन आला तेव्हा मी त्याला विचारलं. तो म्हणाला, "आई, सगळं ऑटोवर असतं. काय बिघडवलंस?"

"मी काही बिघडवलं नाही. पांढरी वस्तू दिसतच नाही."

"म्हणजे ओव्हरएक्स्पोज होतंय, उजेड जास्त शिरतोय. तू कॅमेरा धरतेस आणि नुसतं बटण दाबतेस ना? तसं नाही. जी वस्तू हवी तिच्यावर बोट ठेव स्क्रीनवर. तिथे चौकोन येईल, त्याच्या बाजूला छोटा सूर्य. सूर्य खाली ओढला की फोटो काळोखा होतो, वर नेला की उजळतो. आणि बोट जरा दाबून धरलंस तर ते तिथंच लॉक होतं, मग हात हलला तरी बदलत नाही. कळलं?"

"पुन्हा सांग."

त्याने पुन्हा सांगितलं, यावेळी हळू, लहानपणी मी त्याला उजळणी शिकवायचे तशा सुरात. मग कोणीतरी त्याला हाक मारली. "ठेवतो आई, लोक आलेत. करून बघ, जमेल."

करून बघायला घरात माणूस नव्हतं, तेव्हा मी वस्तूंवर सुरुवात केली. स्टीलचा डबा. देवघरातली समई. पांढरी साखर पांढऱ्या बशीत, ती सगळ्यात अवघड. बोट ठेवलं की चौकोन यायचा, क्षणभर सगळं धुरकट व्हायचं आणि मग डबा पुढे सरकल्यासारखा स्पष्ट व्हायचा. दोन-तीन दिवस मी दुपारची झोप सोडून हेच करत होते.

हॉलमध्ये गॅलरीच्या दारासमोर यजमानांची खुर्ची आहे. ते गेल्यापासून ती तिथेच आहे. मी तिच्यात बसत नाही, हलवतही नाही, फक्त पुसते. तिच्यावर कॅमेरा धरला तर मागचं आकाश, समोरच्या इमारतीवरच्या टाक्या, वाळत घातलेले कपडे, सगळं दिसायचं आणि खुर्ची म्हणजे नुसता काळा आकार. मग खुर्चीच्या हातावर बोट ठेवलं आणि सूर्य वर ओढला. बाहेरचं सगळं पांढरं होऊन नाहीसं झालं. खुर्ची दिसायला लागली. उजव्या हाताचं पॉलिश जिथे गेलं होतं ती जागाही दिसली. पेपर वाचताना ते तिथे अंगठा घासायचे. मी कितीतरी वर्षं ती खुर्ची पुसत होते, पण ती जागा अशी बघितली नव्हती.

तो फोटो मी मुलाला पाठवला. त्याने अंगठ्याचं चिन्ह पाठवलं. दुसऱ्या दिवशी, रविवार नसताना, त्याचा फोन आला. म्हणाला, "बाबांची खुर्ची अजून तिथंच आहे?"

"हो."

"बरं," म्हणाला. मग त्याने जेवलीस का विचारलं.

पुढच्या वेळी मी पहाटेच्या गाडीने पेणला गेले. दगडावर बोट ठेवून सूर्य खाली ओढायचा हे आता कळलं होतं. शिवाय घरी करून बघताना हेही ध्यानात आलं होतं की उजेड समोरून पडला तर खोदलेलं काही दिसत नाही, बाजूने पडला की दिसतं. सकाळचं ऊन तिरपं होतं. दगडाच्या एका कडेने ते आत शिरत होतं आणि प्रत्येक अक्षराच्या खाचेत बारीक सावली बसली होती. मी गुडघ्यावर बसले, बोट दाबून धरलं, सूर्य खाली आणला. आजूबाजूचं गवत काळं झालं आणि दगडावर एकेक ओळ उठून आली. अगदी शिसपेन्सिलीने लिहिल्यासारखी. मराठी ओळी मी वाचल्या. एका बाईचं नाव, नवऱ्याचं नाव, आडनाव. मावशींचं नाव मला कुठे ठाऊक होतं? तिला विचारायचं सुचलं नव्हतं, आणि तिच्या वडिलांचं नावही आता आठवत नव्हतं. आमच्यासाठी त्या मावशी आणि आळीतल्या बायांसाठी शिवणवाल्या वहिनी. मी फोटो पाठवला आणि तिथेच वाट बघत बसले.

तिकडे अजून उजाडलंही नसेल, पण ती जागीच होती, फोन लगेच आला. ती हसत होती का रडत होती ते कळेना.

"गो, ही आई नाय."

"म्हणजे?"

"ही माझी काकी. किती साफ काढलास फोटो, सगळं वाचता येतंय. पण आई नाय ही."

मी त्या दगडाकडे बघत राहिले. मागच्या खेपेला याच दगडापुढे चप्पल काढून मी मावशींशी मनातल्या मनात बरंच काही बोलले होते. ती म्हणाली, "रागावू नको. काकी पण चांगली होती. आम्हाला नानखटाई द्यायची." आणि मग आम्ही दोघी खरंच हसलो.

चावीवाल्या बाईंना मी विचारलं, इथे चाफ्याशिवाय दुसरं झाड आहे का? त्या म्हणाल्या, "व्हतं ना. डाव्या अंगालाच, पार त्या कोपऱ्यात करंज हाय, आनि त्याच्या म्होरं आंबा व्हता तो वादळात परला. तवापासून तिकरं कोन जात नाय." त्यांनी घरातून कोयता आणला आणि पुढे झाल्या. मी नको नको म्हणत होते, पण त्या वाट करत गेल्या. पडलेल्या आंब्याचं खोड अजून तिथेच कुजत होतं. त्याच्या पलीकडे करंजाच्या दाट सावलीत तीन-चार दगड होते, शेवाळाने काळे झालेले. त्यांतला एक लहान होता, साधा काळा दगड. संगमरवर नव्हता.

त्याच्यावर हात फिरवल्यावर अक्षरं लागली. डोळ्यांना मात्र काही दिसेना. पानांतून उन्हाचे कवडसे दगडावर पडून हलत होते. कॅमेरा कधी कवडशावर जायचा, कधी सावलीवर, चौकोन जागेवर ठरेना. मी छत्री उघडली, पण एका हातात छत्री आणि एका हातात फोन धरून बोट कुठल्या हाताने ठेवणार? बाईंनी न विचारता माझ्या हातातली छत्री घेतली आणि कवडशांवर धरली. दगडावर सारखी सावली आली. मी बाजूने वाकून बोट दाबून धरलं. यावेळी सूर्य वर न्यायचा होता, थोडासाच. जास्त नेला की शेवाळ आणि अक्षरं एक व्हायची. दोन ओळी उमटल्या. तिसरी अर्धी. खालचा भाग झिजून गेला होता.

फोटो पाठवला. बराच वेळ फोन वाजला नाही. बाई छत्री घेऊन उभ्याच होत्या. शेवटी मीच फोन लावला.

"हीच का गो?"

"व्हय," ती म्हणाली. तिच्या मागे कुठेतरी तिची नातवंडं वेगळ्याच भाषेत भांडत होती. मग ती म्हणाली, "वडिलांच्या कबरेवर आई सब्जा ठेवायची. मिळाला तर ठेव. नाय मिळाला तर इकडं आम्ही लहानसा दगड ठेवतो, तो ठेव."

सब्जा बाईंच्या दारातच होता. त्यांनी दोन डहाळ्या आणून दिल्या. मी डहाळ्याही ठेवल्या आणि एक खडाही. मग मावशींना सांगितलं की तुमची मुलगी बरी आहे, तिला नातवंडं आहेत, आणि ती अजून 'नाय' म्हणते. चावीवाल्या बाई डोक्यावर पदर घेऊन बाजूला उभ्या होत्या. निघताना मी त्यांना चहासाठी चला म्हटलं, तर त्यांनी मलाच घरात नेऊन चहा दिला.

त्यानंतर दर शुक्रवारी दुपारी तिचा फोन यायला लागला. शनिवारचा स्वयंपाक उरकून ती बसायची, तेव्हा माझ्या चहाची वेळ असायची. ती फोटो मागायची. आमची शाळा, भोगावती नदीवरचा पूल, आळीतले गणपतीच्या मूर्तींचे कारखाने. त्या निमित्ताने मी अखेर आळीत गेले. आमच्या घराच्या जागी खरंच चार मजले होते, पण कोपऱ्यावरच्या कारखान्यात पांढऱ्या मूर्ती रंगाची वाट बघत ओळीने बसल्या होत्या. पांढऱ्या वस्तूचा फोटो आता मला जमत होता. कारखान्यातल्या माणसाला मी सांगितलं की मी समोरच्याच घरातली. त्याने मान हलवली, पण त्याला काही आठवलं नाही. त्याचा जन्मच नंतरचा असणार.

मध्ये काही दिवस तिकडे हल्ल्याचे सायरन वाजत होते. टीव्हीवर बातमी लागली की मी फोन हातात घेऊन बसायची. ती दोन शब्द पाठवायची, "बरी हाय." तेवढ्यावर मी झोपायची.

एकदा ती म्हणाली, "सगळे फोटो पाठवलेस, तुझा नाय पाठवलास." माझा एकटीचा फोटो माझ्याकडे नव्हता. आरशात बघते तेवढंच. मी खुर्चीच्या शेजारी, गॅलरीचा उजेड बाजूने घेऊन उभी राहिले आणि स्वतःच्या चेहऱ्यावर बोट ठेवलं. चेहरा उजळला तशा सगळ्या सुरकुत्या, डोळ्यांखालची काळी वर्तुळं, सगळं वर आलं. सूर्य खाली ओढावा असं वाटलं. दोन फोटो पुसून टाकले. तिसरा तसाच पाठवला. ती म्हणाली, "आईसारखी दिसायला लागलीस."

"तुझ्या?"

"तुझ्या गो. तुझ्या आईसारखी. दारात उभी राहून आपल्याला जेवायला हाक मारायची, तशी."

माझी आई कशी दिसायची हे लक्षात असलेली ती जगातली बहुधा शेवटची व्यक्ती असेल. भाऊ आहे, पण त्याच्याशी असल्या गोष्टी होत नाहीत.

पुढच्या थंडीत ती येणार होती. तिकीट बघून ठेवलं होतं. मी आतली खोली रिकामी केली, भिंतीला रंग दिला, नवी चादर आणली. चावीवाल्या बाईंनी करंजाखालचं गवत काढून ठेवलं. मग तिच्या मिस्टरांना झटका आला. ते वाचले, पण एक बाजू गेली. आता त्यांना भरवावं लागतं, उठवून बसवावं लागतं. एका शुक्रवारी ती म्हणाली, "आता नाय होणार माझं येणं. या जन्मात तरी नाय."

मी म्हटलं, "बरे होतील ते."

"नाय होणार गो. आपण काय लहान आहोत का, एकमेकींना असं सांगायला."

त्या दिवशी फोन ठेवल्यावर मी आतल्या खोलीत जाऊन चादर घडी करून कपाटात ठेवली. मग पुन्हा काढून पलंगावर घातली आणि त्या रात्रीपासून मीच तिथे झोपायला लागले. खोली चांगली आहे. सकाळी ऊन येतं.

तिच्या ओळखीतून आणखी काही लोकांनी मला फोन केले. कोणाची आजी रोह्याजवळच्या अष्टमी गावच्या दफनभूमीत, कोणाचे वडील पेणला. जमेल तसं जाते. ही माणसं एकदा फोटो मिळाला की आभार मानतात आणि पुन्हा फोन करत नाहीत. ते ठीकच आहे, त्यांना तेवढंच हवं असतं. ती मात्र करते. पहिल्यासारखं दर शुक्रवारी जमत नाही तिला. कधी मिस्टरांना डॉक्टरकडे न्यायचं असतं, कधी थकून झोपलेली असते. फोन आला नाही तर मी चहा जरा उशिरा टाकते, आणि मग एकटीच पिते.

गेल्या शुक्रवारी आला, पण चहाच्या बऱ्याच आधी, मी दुपारचं ताट वाढून बसले होते तेव्हा. आवाज दमलेला होता. मिस्टरांना आत्ताच झोप लागली, म्हणून हळू बोलत होती.

"आज काय केलंस जेवायला?"

बाजारात कोळीण बसली होती, तिच्याकडून जिताड्याच्या दोन तुकड्या आणल्या होत्या, एवढंच मी म्हटलं. पलीकडे ती एकदम जागी झाली. कोकम घातलंस का, खोबरं भाजून घातलंस की कच्चं, लसूण किती, सगळं विचारत गेली. मी सांगत गेले. माझी आमटी ताटात निवत होती. तिचं समाधान झाल्यावर ती म्हणाली, "बरं, जेव आता तू. मी बसते फोनवर."

मग मी जेवले, आणि ती काही न बोलता फोनवर बसून राहिली. मधूनच तिकडे मिस्टरांच्या खोकल्याचा आवाज येत होता.